हातातली शिडी विसरताना

(स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात काही जणांना आपापल्या कामाविषयी बोलायला सांगितलं होतं. त्या वेळचं हे भाषण, अंकासाठी थोडं नीट करून.)



सकाळपासून डॉक्टर बोलले, वकीलसाहेब बोलले, द्राक्षबागायतदार बोलले. आता जेवणानंतरची वेळ मला मिळाली आहे, आणि विषय आहे लेथ मशीन. म्हणजे संयोजकांनी तुमच्या वामकुक्षीची सोय नीट केली आहे. त्यांनी मला एवढंच बजावलंय, ‘तुझं ते मशीनचं सांग, पण आम्हाला कळेल असं सांग.’

मी सीएनसी लेथचे प्रोग्रॅम लिहितो. कोल्हापूरजवळ शिरोली, गोकुळ शिरगाव या पट्ट्यात फाउंड्र्या आहेत आणि त्यांच्या कास्टिंगवर काम करणारी मशीन शॉप्स आहेत. तिथे माझी जा-ये असते. गेली काही वर्षं आयटीआय करून आलेल्या मुलांना शिकवतोही. या सगळ्या कामातली एकच गोष्ट आज सांगणार आहे : टूलचा ऑफसेट रद्द करणे. प्रोग्रॅममध्ये ही एक ओळ असते, चार आकड्यांची. पण तिच्यापाशी इतकी टूलं मोडलेली मी पाहिली आहेत, की नव्या मुलाला मी पहिल्याच आठवड्यात ती शिकवतो.

आपल्या शाळेत टेक्निकल विषय होता. वर्कशॉपमध्ये एक जुना लेथ होता. चकमध्ये सळई बांधायची, ती फिरायची, आणि आपण हँडल फिरवत टूल पुढे न्यायचो. सीएनसी लेथ म्हणजे तेच. हँडल फिरवायला माणसाच्या हाताऐवजी मोटर आली आणि मोटरला हुकूम द्यायला आकडे आले. अमेरिकेत एमआयटी या संस्थेत १९५२ साली आकड्यांवर चालणाऱ्या मिलिंग मशीनचं प्रात्यक्षिक झालं, तिथून हे सुरू झालं. आता आपल्याकडे गावाबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्येसुद्धा असं मशीन दिसतं.

या मशीनला एक गोल टरेट असतो. त्यावर आठ किंवा बारा टूलं बांधलेली असतात. एक बाहेरून कातणारं, एक आटे पाडणारं, एक भोकात शिरून आतून कातणारं लांब बोरिंग बार. काम बदललं की टरेट फिरतो आणि हवं ते टूल समोर येतं. प्रत्येक टूलची लांबी वेगळी, प्रार्थनेच्या रांगेतल्या आपल्या उंचीसारखी. मशीनला मात्र टूलचं टोक नेमकं कुठे आहे ते हजाराव्या भागापर्यंत कळावं लागतं. म्हणून सेटर प्रत्येक टूलचं माप घेतो आणि मशीनच्या एका पानावर नोंदवतो. ही नोंद म्हणजे ऑफसेट.

टेक्निकलच्या सरांनी व्हर्नियर हातात देताना पहिली गोष्ट काय शिकवली होती, आठवतं? जबडे मिटवा आणि शून्य शून्यावर येतं का पाहा. येत नसेल तर तेवढी चूक लिहून ठेवा आणि प्रत्येक मापातून वजा करा. सर, तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगतो, मी आज जे शिकवतो ते हेच आहे. ऑफसेट म्हणजे लिहून ठेवलेला फरक. आणि गणिताच्या बाई वजा वजा अधिक घोकून घ्यायच्या, त्याचीही इथे रोज परीक्षा असते. ४० मिलिमीटरचा शाफ्ट ४०.०४ निघाला, तर ऑफसेटमध्ये उणे ०.०४ भरायचं. कुणी अधिक भरलं तर पुढचा शाफ्ट ४०.०८. कुणी दशांशचिन्ह चुकवलं तर काय होईल, ते बाईंनी आपल्याला छडी हातात घेऊन समजावलं होतंच.

फॅनुक कंट्रोलवर टूल बोलावायची ओळ अशी असते : टी०४०४. पहिले दोन आकडे सांगतात, टरेटवरचं चार नंबरचं टूल समोर आण. पुढचे दोन सांगतात, चार नंबरची नोंद लक्षात ठेव. आणि रद्द करायचं असेल तर टी०४००. टूल तेच, नोंद शून्य. सिमेन्सच्या कंट्रोलवर हेच काम डी० करतं. ओळी वेगळ्या, अर्थ एकच : नोंद विसर.

आता नीट ऐका, कारण माझं सगळं भाषण या एका गोष्टीसाठी आहे. नोंद विसरली म्हणून टूल आखूड होत नाही. समजा, रंगारी खांद्यावर लांब शिडी घेऊन बोळातून चाललाय. शिडी मागेपुढे किती आहे याचं त्याला भान आहे, म्हणून तो वळणावर थांबतो, आडवा होतो, कुणाची खिडकी फोडत नाही. आता त्याच बोळात त्याला शिडीचा विसर पडला, असं धरा. शिडी खांद्यावर तशीच आहे. तो रिकाम्या हातानं वळावं तसा गर्रकन वळेल. पुढे काय होईल ते सांगायला नको. मैदानात विसरला असता तर काहीच बिघडलं नसतं.

टी०४०० म्हणजे शिडी विसरणं. ते बोळात करायचं नाही, मैदानात करायचं.

मग मुलं विचारतात, ‘सर, विसरायचंच कशाला?’ प्रश्न रास्त आहे. याचं एक कारण जुनं आहे. पूर्वी बरेच प्रोग्रॅम जी५० या ओळीनं सुरू व्हायचे. ‘टूल आत्ता उभं आहे ती जागा अमुक आहे असं मान,’ असं ती मशीनला सांगते. त्या पद्धतीत काम संपल्यावर टूल बरोबर त्याच जागी परत यावं लागायचं. ऑफसेट लागू असताना ते आलं, तर तेवढ्या फरकानं बाजूला थांबायचं, पुढच्या जॉबला मशीन तीच जागा खरी धरायचं, आणि एकेक जॉब करत माप सरकत जायचं. म्हणून परतीच्या ओळीतच ऑफसेट रद्द करायची शिस्त आली. आता जी५० ची ती पद्धत फारशी राहिली नाही, पण ती ओळ प्रोग्रॅमच्या शेवटी वारशासारखी चालत आली. दुसरं कारण आजही खरं आहे. एका टूलची नोंद चुकून दुसऱ्या टूलला लागू राहू नये, म्हणून काम झालं की पाटी कोरी करायची.

हेतू चांगला आहे. अडचण जागेची आहे.

एका शॉपमधली गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही. मला सकाळी फोन आला, ‘मशीन ठोकलंय, या.’ गेलो. कास्टिंगच्या एका कव्हरमध्ये आतून बोअर करायचं काम होतं. बोरिंग बार वाकलेला, इन्सर्टचे तुकडे झालेले, जॉब चकमधून निसटलेला, टरेट जागेवरून हललेला. रात्रपाळीचा मुलगा कोपऱ्यात उभा होता. वय विशी-एकविशीचं. रात्रभर घरी गेला नव्हता. मालकांचं म्हणणं होतं, यानं लक्ष दिलं नाही, वेळेत लाल बटण दाबलं नाही, आता नुकसान पगारातून कापणार.

मी प्रोग्रॅम मागितला. पूर्वी त्यात बोअर संपल्यावर टूल भोकातून बाहेर यायचं, टी०४०० व्हायचं, आणि मग जी२८ नं टरेट थेट मशीनच्या घरी, म्हणजे मूळ जागी जायचा. जी२८ बरोबर यू० आणि डब्ल्यू० लिहिलं की ‘आहेस तिथूनच निघ’ असा अर्थ होतो, त्यामुळे नोंद विसरली तरी फारसं बिघडत नव्हतं. पण घर लांब होतं. प्रत्येक जॉबला काही सेकंद जायचे. संध्याकाळी कुणीतरी सेकंद वाचवायला जी२८ च्या ओळी काढल्या आणि त्या जागी लिहिलं, एक्स २००, झेड १००. म्हणजे जॉबच्या तोंडापासून १०० मिलिमीटर लांब थांब. विचार बरोबर होता. वरची टी०४०० ची ओळ मात्र तशीच राहिली.

त्या मशीनवर जॉबची जागा वेगळी नोंदवलेली होती आणि ऑफसेटमध्ये टूलची लांबी होती. बोरिंग बार टरेटपासून १५० मिलिमीटर बाहेर. बारचं टोक भोकातून बाहेर येऊन जॉबपासून ५ मिलिमीटरवर थांबलं. इथे नोंद विसरली गेली. आता ‘१०० वर जा’ हा हुकूम मशीननं टोकाला लावला नाही, टरेटलाच लावला. टरेट १०० वर यायचा म्हणजे टोक जॉबच्या ५० मिलिमीटर आत यायचं. टूल लांब जाण्याऐवजी ५५ मिलिमीटर पुढे सुटलं, आणि एक्समध्येही सरकत असल्यानं तिरकं, थेट जॉबच्या तोंडावर.

मी मालकांसमोर कागदावर एक हिशोब मांडला. अशी मशीनं मोकळ्या चालीत मिनिटाला २० मीटर सहज धावतात. म्हणजे सेकंदाला सुमारे ३३३ मिलिमीटर. मधलं अंतर होतं ५ मिलिमीटर, आणि अगदी पूर्ण ५५ मिलिमीटर धरलं तरी सेकंदाचा सहावा भाग. म्हटलं, ‘साहेब, डोळ्यानं पाहून, मनात समजून, हात बटणापर्यंत न्यायला कुठल्याही माणसाला याहून जास्त वेळ लागतो. तुम्ही उभे असता, मी उभा असतो, तरी हेच झालं असतं. यानं फक्त हिरवं बटण दाबलं, आणि तेच त्याचं काम आहे.’

पगार कापला गेला नाही. मुलगा मात्र पंधरा दिवसांत तिथून गेला. मशीनसमोर उभं राहायची त्याला भीती बसली होती. टरेट डायल लावून सरळ करता आला, नवा बार आला, इन्सर्ट आला. त्या मुलाची भीती काढायला त्या शॉपमध्ये कुणाकडे वेळ नव्हता. म्हणून मला या एका ओळीबद्दल इतकं बोलावंसं वाटतं. प्रोग्रॅम लिहिणारा दिवसा, पंख्याखाली, चहा घेत लिहितो. तो चालवणारा पहाटे तीन वाजता एकटा असतो. लिहिणाऱ्याची चूक नेहमी चालवणाऱ्याच्या समोर फुटते.

गंमत म्हणजे तीच ओळ दुसऱ्या शॉपमध्ये इतकी धोक्याची ठरली नसती. काही ठिकाणी टूलच्या नोंदीतच मशीनच्या घरापासून जॉबपर्यंतचं सगळं अंतर भरलेलं असतं. तिथे नोंद विसरून ‘१०० वर जा’ म्हटलं, तर टरेट घराच्याही पलीकडे जायला बघतो. मशीन ओव्हरट्रॅव्हलचा अलार्म देऊन थांबतं. माणूस वैतागतो, पण काही मोडत नाही. म्हणून ‘आमच्याकडे वर्षानुवर्षं असंच चालतं’ हे वाक्य आमच्या धंद्यात मी कधी पुरावा म्हणून धरत नाही. एकाच कंपनीचा कंट्रोल असला तरी आतल्या सेटिंगप्रमाणे वागणं बदलतं. कुठे नोंद रद्द होताच टरेट तेवढ्यानं जागचा हलतो, कुठे तो फरक पुढच्या हालचालीत उमटतो. नव्या मशीनवर पहिल्या दिवशी जॉब न बांधता, टूल मोकळ्यावर ठेवून, टी०४०० देऊन पाहायचं : हलतं का, पडद्यावरचे आकडे बदलतात का. पाच मिनिटांचं काम आहे.

मुलांना मी वहीत लिहून देतो तो क्रम आता तुम्हालाही सांगतो. इथे बसलेल्यांपैकी तिघेचौघे तरी या धंद्यात आहेत आणि दोघांची मुलं सध्या आयटीआयला आहेत, असं सकाळी कळलं.

आधी बाहेर या. बाहेरून कातत असाल तर पहिल्यांदा एक्समध्ये वर या, मग झेडमध्ये मागे. भोकात असाल तर भिंतीपासून जरा सुटून झेडमध्ये सरळ बाहेर या, एक्सला नंतर हात लावा. समोर टेलस्टॉक असेल तर एक्समध्ये पूर्ण वर आल्याशिवाय झेड हलवू नका. दोन्ही अक्ष एकदम सोडले की टूल तिरकं जातं, आणि तिरक्या वाटेत काय उभं आहे ते लिहिताना डोळ्यासमोर नसतं.

इन्सर्टच्या टोकाच्या गोलाईची भरपाई चालू असेल, म्हणजे जी४१ किंवा जी४२, तर ती जी४० नं वेगळी रद्द करा. तीही सरळ रेषेत, जॉबपासून दूर जाताना. गोलाई ०.८ असेल आणि तुम्ही भोकात अर्धा मिलिमीटरच सुटे असाल, तर तिथे रद्द करू नका. भरपाई सुटताना टूल तेवढं सरकतं आणि भिंतीला चाटतं, नाहीतर अलार्म येतो. एक्सचे आकडे व्यासाचे असतात हेही विसरू नका. यू १.० लिहिलं की टूल अर्धाच मिलिमीटर हलतं.

मग घरी जा, आणि तिथे गेल्यावर विसरा. बोरिंगनंतरचा शेवट मी असा लिहून देतो :

जी०० झेड ५.०
जी२८ यू ०.०
जी२८ डब्ल्यू ०.०
टी०४००
एम०१

पहिल्या ओळीत टूल भोकाबाहेर येतं. दुसरीत एक्स घरी जातो, तिसरीत झेड. चौथीत नोंद विसरली जाते, तेव्हा भोवती मैदान असतं. पाचवी ओळ म्हणजे ऐच्छिक थांबा. त्याचं बटण चालू असेल तर मशीन थांबतं आणि ऑपरेटरला माप घेता येतं.

टी०४०० नंतर पुढचं टूल त्याच्या नोंदीसह बोलावेपर्यंत एक्स किंवा झेडचा जागा सांगणारा एकही आकडा लिहू नका. त्या मधल्या काळात मशीनला कोणत्याच टूलचं भान नसतं. त्याला जागा विचारू नये आणि सांगूही नये.

सेकंद वाचवायचे असतील आणि घरी जायचं नसेल, तर दुसरी वाट आहे. टी०४०० लिहूच नका. नोंद लागू असतानाच सुरक्षित जागेवर या आणि तिथून सरळ टी०५०५ बोलवा. नवी नोंद जुनीची जागा घेते. खूप चांगले प्रोग्रॅमर असंच करतात आणि त्यात चूक नाही. मात्र ती सुरक्षित जागा टरेटवरच्या सगळ्यात लांब टूलच्या हिशोबानं ठरवा, आत्ता कातत असलेल्या टूलच्या नव्हे. टरेट फिरतो तेव्हा शेजारचं टूलही फिरतं. ती जागा ठरवल्यावर त्या संध्याकाळी राहिली तशी जुनी ओळ मागे ठेवू नका.

मध्येच रिसेट दाबलं असेल तर प्रोग्रॅम मधल्या ओळीपासून सुरू करू नका. रिसेटनंतर नोंद लागू आहे की नाही हेही मशीनच्या सेटिंगवर असतं. टूल बोलावण्याच्या ओळीपासून सुरुवात करा. दोन मिनिटं जातील, जाऊ द्या.

नवा किंवा बदललेला प्रोग्रॅम पहिल्यांदा एकेक ओळ करत, वेग कमी ठेवून चालवा. पडद्यावर ‘अजून किती जायचं आहे’ हा आकडा दिसतो. टूल जॉबपासून दोन बोटं दिसतंय आणि आकडा दीडशे म्हणतोय, तर थांबा. डोळा आणि आकडा यांचं भांडण असेल तेव्हा डोळ्याचं ऐका.

शेवटचं, नोंदींच्या पानाविषयी. झिजेची नोंद आणि टूलच्या मूळ मापाची नोंद अशी दोन पानं असतात, आणि ती दिसायला जुळ्या भावांसारखी असतात. नवा इन्सर्ट बसवला की झिजेची नोंद शून्य करतात. ते करताना पान कुठलं उघडं आहे ते वरचं नाव वाचून पाहा. मूळ मापाच्या पानावर शून्य पडलं, तर शिडी कायमचीच विसरली गेली. आणि आकडा भरताना दोन बटणं असतात : एक जुन्यात मिळवतं, दुसरं जुना पुसून नवा लिहितं. थकलेल्या माणसाला ती एकसारखीच वाटतात, म्हणून रात्रपाळीत आकडा भरल्यावर तो मोठ्यानं वाचायचा, असा नियम मी घालून दिला आहे. मुलं आधी लाजतात, मग सवय होते.

माझ्या बॅचचे काही जण आज मोठ्या जागांवर आहेत. कुणी शाळा चालवतं, कुणी खातं, कुणी दुकान. तुमच्याकडेही अशा ओळी असतील. कुणीतरी कधीतरी योग्य कारणानं लिहिलेल्या, आणि आता आजूबाजूचं सगळं बदललं तरी तशाच राहिलेल्या. तुमच्या धंद्यातलं मला कळत नाही, त्यामुळे उपदेश करत नाही. पण आमच्याकडे तरी मी एवढंच पाहिलंय, की वरची ओळ न वाचता खालची बदलणारा माणूस आणि नुकसान सोसणारा माणूस क्वचितच एक असतो.

मुख्याध्यापक सरांना एक विनंती आहे. शाळेतला टेक्निकलचा वर्ग अजून चालू आहे हे पाहून आज फार बरं वाटलं. दर महिन्याला एक शनिवार मी यायला तयार आहे. मशीन लागणार नाही. फळा, व्हर्नियर आणि एक लांब काठी पुरेल. मुलांना वर्गात काठी घेऊन फिरायला लावतो. कुणाच्या डोक्याला लागली की ऑफसेट त्यांना आपोआप कळेल.

एवढं बोलून थांबतो. कोणी झोपलं नाही याबद्दल आभार, आणि जे झोपले त्यांचेही आभार, कारण ते घोरले नाहीत.